शिंप्याला सगळं ठाऊक असतं

भाच्याचं लग्न ठरलं, म्हणून पँट शिवायला टाकली. तयार पँटी मिळतात हे मलाही माहीत आहे. पण तयार पँट माझ्या कमरेला बसते तेव्हा पायांत लोळते, आणि पायांना बसते तेव्हा बटण आणि काजं एकमेकांना लांबूनच नमस्कार करतात. कारखान्यात ज्याला डोळ्यांपुढे ठेवून ती कापली, त्या गृहस्थाला पोट नसावं. म्हणून आमचे गल्लीतले शिंपी. वयाने मोठे, त्यामुळे मी त्यांना मामा म्हणतो. ते मला साहेब म्हणतात, कारण मागची उधारी अजून बाकी आहे.

मामांनी गळ्यातली टेप काढली, माझ्याभोवती फिरवली आणि थांबले. "साहेब, पँट पोटावर घालणार की पोटाखाली?"

गेल्या वीस वर्षांत मला तीन डॉक्टरांनी तपासलं, एका विमा कंपनीने तपासलं, आणि घरच्यांनी तर रोजच तपासलं. इतका नेमका वैद्यकीय प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पोटाखाली घातली तर ३४. पोटावर घातली तर ३८. दोन्ही आकडे माझेच, पण चारचौघांत सांगायचा तो पहिला. "मला अजून चौतीसच लागते," असं छातीठोक सांगणारे पन्नाशीचे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतील. ते खोटं बोलत नाहीत. मराठी पुरुषाची कंबर कॉलेज सुटल्यापासून वाढलेलीच नसते, ती फक्त दरवर्षी थोडी खाली सरकते. पट्टा उताराला लागतो आणि त्याच्या वर जे काही चाललेलं असतं त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

डॉक्टरी माप मात्र पोटावरचं असतं. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोहोंच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा (ओढायचा नाही, सोडायचा), आणि आकडा वाचायचा. भारतीय पुरुषाने ९० सेंटिमीटरच्या आत राहावं, बाईने ८० च्या. म्हणजे पुरुषाला साधारण साडेपस्तीस इंच आणि बाईला साडेएकतीस. माझे ३८ इंच म्हणजे ९६ सेंटिमीटरच्या वर. मामांनी काही न बोलता वहीत लिहिलं. त्याच वहीत मागच्या पानांवर माझ्या लग्नाच्या पँटचं माप आहे: ३०. पुढे दर तीन-चार वर्षांनी एक नोंद. कुठल्याही इस्पितळात माझी एवढी सलग फाइल नाही.

आता गंमत ऐका. माझं वजन ६९ किलो. उंची पाच फूट सात इंच. परदेशी तक्त्यात हे गणित घातलं की हिरवा रंग येतो. सोसायटीत मी 'बारीक' या सदरात मोडतो. "तुमचं बरं आहे हो, तुम्हाला काही खाल्लं तरी लागत नाही," असं म्हणत शेजारच्या काकू दुसरा मोदक वाढतात. आणि मीही तो घेतो, कारण बारीक माणसाला मोदकाची भीती कसली?

आपला सगळा विश्वास काट्यावर. लहानपणी रेल्वेच्या फलाटावर दिवे लुकलुकवणारा तो भलामोठा वजनकाटा असायचा. नाणं टाकलं की आत चक्र फिरायचं आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट टपकन खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आम्ही भविष्य वाचायचो, वजनाकडे दुर्लक्ष करायचो. दोन्ही एकाच पुठ्ठ्यावर छापणारा माणूस दूरदृष्टीचा असणार.

काट्याला जोडून उंचीचं ते गणित आलं. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये, उंचीचा वर्ग करायचा आणि त्याने वजनाला भागायचं. हे सूत्र काढलं अडॉल्फ केतले या बेल्जियन गृहस्थाने, १८३२ च्या सुमारास. तो डॉक्टर नव्हता. खगोल आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय, आणि त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो हे शोधायचं होतं. हृदयविकाराचा विचार त्याच्या मनातही नव्हता. पुढे १४० वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' असं नाव दिलं आणि बीएमआय घरोघरी पोचला. म्हणजे आपल्या तब्येतीचा दाखला ताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या सूत्रावर मिळतो. पत्रिका बघून लग्न ठरवणाऱ्या समाजाने याला नाक मुरडायचं कारण नाही.

पण या पत्रिकेत एक घोळ निघाला, आणि तो काढला पुण्याने. (पुण्याने घोळ काढला यात आश्चर्य नाही. यावेळी तो खरा होता, हे विशेष.)

केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र आणि सहसंशोधक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघेही अंगाने बेताचे. दोघांचा बीएमआय अगदी दशांशापर्यंत सारखा: २२.३. काट्याच्या लेखी जुळे भाऊच. मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली. युडकिन ९.१ टक्के. याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या प्रकाराला 'वाय-वाय' कोडं असं नाव पडलं. स्वतःची चरबी जगातल्या सगळ्या डॉक्टरांपुढे उघडी करून दाखवणारा माणूस पुण्यात निघावा, याबद्दल मला त्यांचं फार कौतुक वाटतं. आम्ही पोहायच्या तलावावरसुद्धा टॉवेल सोडत नाही.

हे कोडं मोठेपणी सुरू होत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. इथलं बाळ जन्मताना सरासरी २.७ किलोचं. इंग्लंडात साउथॅम्प्टनचं बाळ साडेतीन किलोचं. आता कुठलीही आजी म्हणेल, वाळकं आहे गं, अंग धरायला हवं. पण चिमट्याने मोजलं तेव्हा दिसलं की आपल्या बाळाने काटकसर केली ती स्नायूत आणि पोटातल्या अवयवांत. पाठीवरच्या चरबीचा थर मात्र त्याने जवळजवळ तसाच राखला होता. बाहेरून काटक, आतून लोण्याचा गोळा. आईला पोटभर आणि नीट मिळालं नाही की गर्भ पुढच्या दुष्काळाची तजवीज करतो, असा त्यामागचा तर्क. दुष्काळ काही आला नाही. आला तो फरसाणवाला.

तर जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआयची सावधगिरीची रेघ २३ वर ओढली, आणि आपल्या डॉक्टरांनी २००९ मध्ये एकत्र बसून ठरवलं की इथे २३ ला जास्त वजन म्हणावं आणि २५ ला लठ्ठपणा. त्या बैठकीनंतर कित्येक लाख माणसं घास न खाता जाडी झाली. माझा बीएमआय २३.८. हिरव्यातून पिवळ्यात गेलो, आणि तेही नव्या पँटच्या आधी.

पोटाचं एवढं काय, असं विचाराल. चरबी कुठेही असली तरी चरबीच ना? तसं नाही. १९४७ मध्येच मार्सेयचे डॉक्टर झाँ वाग यांनी लिहून ठेवलं होतं की मांड्या-नितंबांवर साठणारी माणसं आणि पोटावर साठणारी माणसं यांचे आजार वेगळे असतात. दुसऱ्यांना मधुमेह आणि हृदयविकार जास्त. जगाने ऐकायला तीसेक वर्षं घेतली.

कातडीखालची चरबी म्हणजे घरातला माळा. लागेल तसं वर टाकायचं, लागेल तेव्हा काढायचं, कुणाला त्रास नाही. पण माळा भरला की सामान कुठे जातं हे मराठी घराला सांगायला नको. आधी पलंगाखाली, मग कपाटाच्या डोक्यावर, मग गॅलरीत, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर. शरीरातही हाच क्रम. आतड्यांच्या भोवती, यकृतात, स्वादुपिंडात, स्नायूंत, थेट हृदयाच्या अंगाला चिकटून. काही लोकांचा माळा बंगल्यातला असतो, त्यांचं शंभर किलोपर्यंत निभून जातं. आपला बहुतेकांचा वन बीएचकेचा. सत्तर किलोलाच पलंगाखाली सुरुवात.

बरं, हे सामान गप्प पडून राहत नाही. आतड्यांभोवतीची चरबी सतत स्निग्धाम्लं सोडत असते, आणि तिथल्या रक्ताची शीर सरळ यकृतात जाते. मधे टोलनाकासुद्धा नाही. यकृत बिचारं आलेल्या मालाचं ट्रायग्लिसराइड करून रक्तात सोडतं, उरलेला स्वतःच्या अंगावर चढवतं. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' असं येतं. आपण ते वाचून 'वनच आहे' म्हणून पहिला नंबर आल्यासारखे घरी येतो.

मग इन्सुलिनची पंचाईत. साखर पेशीत पोचवायला तो दारावर जाऊन बेल वाजवतो, आतून कुणी उघडत नाही. स्वादुपिंड एकाऐवजी चार पाठवतं, मग दहा. काही वर्षं दार उघडतं, रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस पेढे वाटतो. दरम्यान पाठवणारा दमत आलेला असतो. याच चढलेल्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, चरबी स्वतः रक्तदाब चढवणारी रसायनं सोडते, आणि वरचा आकडा १२० वरून हळूच १४० वर जातो. चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतं. अमेरिकेतले जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हे सगळे चोर एकाच टोळीचे आहेत असं सांगितलं आणि टोळीला 'सिंड्रोम एक्स' असं नाव दिलं. आपण मात्र प्रत्येक चोरासाठी वेगळी गोळी घेतो. बीपीची सकाळी, शुगरची जेवणाआधी, कोलेस्टेरॉलची रात्री. गोळ्या घ्याव्यातच. पण टोळीचा म्होरक्या पट्ट्यावर बसून आपल्याबरोबर जेवतोय, हे कुणी सांगत नाही.

आणि हृदय? त्याच्याबद्दल आपल्याला कवितेत फार आस्था. वाढलेल्या अंगाला वाढीव रक्त लागतं, ते पुरवायला हा मुठीएवढा गडी जास्त ढकलतो, दाबाविरुद्ध ढकलतो, आणि तालमीतल्या दंडासारखी त्याची भिंत जाड होते. दंड जाड झाला तर मिरवता येतो. हृदयाची भिंत जाड झाली की ती ताठरते, नीट सैलावत नाही, भरायच्या वेळी भरत नाही. मग टूडी-इको करून आलेले काका सांगतात, "पंपिंग साठ टक्के, एकदम फर्स्ट क्लास!" आणि दुसऱ्या मजल्यावर पोचेस्तोवर तीनदा कठडा धरतात. आकुंचन उत्तम, प्रसरण नापास, असंही हृदय असतं आणि वजनदार माणसात ते जास्त दिसतं. वरचे कप्पे ताणले की ठोक्यांची लय बिघडते. रात्री मानेतली चरबी श्वासाची वाट अडवते, माणूस घोरतो, मधेच श्वास थांबतो, दचकून परत सुरू होतो. रक्तदाब रात्रभर खालीवर. सकाळी बायको म्हणते, "काय गाढ झोप लागते हो तुम्हाला!" (ती हे कौतुकाने म्हणत नाही, पण नवऱ्याला तसं ऐकू येतं.)

५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. बाकीच्या जगाला ५९ च्या आसपास. सहा वर्षं आधी. एरवी कुठल्याही कार्यक्रमाला वेळेवर न पोचणारे आपण, इथे मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

मराठी माणूस आजाराला घाबरत नाही, तो त्याला टोपणनाव देतो. मधुमेह म्हणायचं नाही, 'जरा शुगर आहे'. आणि त्याच्याही अलीकडे एक सुखाचा मुक्काम आहे: 'बॉर्डरवर आहे'. हे वाक्य लोक अशा चेहऱ्याने म्हणतात की वाटावं, अंगावर वर्दी आहे. आयसीएमआरच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात मधुमेहाचे १० कोटी १० लाख लोक आहेत आणि बॉर्डरवर १३ कोटी ६० लाख. एवढं सैन्य कुठल्याच देशाच्या बॉर्डरवर नसेल. त्याच अहवालात बीएमआयने मोजलेले लठ्ठ २८.६ टक्के आणि टेपने मोजलेले ३९.५ टक्के. मधले अकराएक टक्के म्हणजे माझ्यासारखे, काट्यावर निर्दोष सुटलेले.

टेपने मोजण्याची हौस आधी लंडनने केली. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की दुमजली बसचे बसून राहणारे ड्रायव्हर आणि दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढणारे कंडक्टर यांत हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. ही गोष्ट सगळे सांगतात. पुढची कुणी सांगत नाही. १९५६ मध्ये त्यांच्याच मंडळींनी बस कंपनीच्या गणवेशाच्या नोंदी चाळल्या. पँटची मापं! आणि दिसलं की ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी होतीच, आणि तरुणपणापासून होती. म्हणजे सगळा दोष स्टिअरिंगचा नव्हता. स्वतःच्याच निष्कर्षाची शिवण उसवून बघणारे संशोधक होते ते. त्यासाठी त्यांना नवं यंत्र लागलं नाही, शिंप्याची वही पुरली. आमच्या मामांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "मग त्यात काय. ड्रायव्हर लोकांची पँट आम्ही आधीपासून बैठकीला सैलच ठेवतो."

जपानने तर कायदाच केला. २००८ पासून तिथे ४० ते ७४ वयाच्या माणसांची दरवर्षी कंबर मोजतात, पुरुषाला ८५ सेंटिमीटर आणि बाईला ९० ही रेघ, आणि वर गेलात तर समुपदेशन. दंड व्यक्तीला नाही, माणसं बारीक न ठेवणाऱ्या विमा योजनेला. 'मेताबो' हा शब्द तिथे घरगुती झाला, आपल्याकडे 'ढेरपोट्या' आहे तसा. आता हे महाराष्ट्रात आणून बघा. मोजणीच्या दिवशी निम्मी कचेरी रजेवर. उरलेले श्वास ओढून. मोजणारा साहेब स्वतःच टेपच्या बाहेर. संध्याकाळपर्यंत '८५ सेंटिमीटर हा आमच्या अस्मितेवर घाला' असा फलक चौकात.

फलकावरून आठवलं. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सुचवलं की सरकारी कचेऱ्यांत तेल आणि साखर किती पोटात जाते याचे फलक लावावेत. नागपूरच्या एम्सचं नाव त्यात आलं आणि एका दिवसात देशभर बोंब झाली: समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा! सरकारला खुलासा करावा लागला की बाबांनो, विकणाऱ्याच्या पदार्थावर इशारा नाही, फक्त भिंतीवर फलक. लोकांचा जीव भांड्यात पडला. भांड्यात तेल होतं.

खुलाशाची घाई मला कळते. आपल्याकडे तब्येतीचा विषय दोनच स्वरांत बोलला जातो, लाड नाहीतर टिंगल. पुरुषाचं पोट म्हणजे 'खात्यापित्या घरचा', मुलीचं वजन म्हणजे 'जमेल का हिचं कुठे?'. तेच किलो, पण एकाला प्रतिष्ठा आणि दुसरीला सल्ला. आणि ज्या बाईला आयुष्यभर सल्ला दिला तिचं पोट मोजलं कुणीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा कंबर मोजली गेली, त्यात सुटलेलं पोट बायकांत ४० टक्के निघालं आणि पुरुषांत १२ टक्के. साहजिक आहे. पुरुषाच्या पँटला नंबर असतो. परकराला नाडी असते. नाडी कधीच तक्रार करत नाही, वीतभर सैल सोडली की झालं, आणि सहावारी साडी कुठल्याही सत्याला पदराखाली घेते. शिवाय घरातला शेवटचा डबा तीच. मुलाने टाकलेला अर्धा पराठा, सासूबाईंनी नको म्हटलेला शिरा, पातेल्याच्या तळची खीर. 'अन्न वाया नको जायला' या तत्त्वावर घरातल्या ज्या फ्रिजचं दार कधी बंद होत नाही, तो फ्रिज म्हणजे आई. तिला 'जरा चालत जा' सांगणाऱ्या नवऱ्याने आधी स्वतःचं ताट संपवावं, आणि ते धुवावं. तेवढीच हालचाल.

आमच्या गावचा एक पैलवान मला लहानपणी देवासारखा वाटायचा. थंडाई, तूप, बदाम आणि शेकड्याने जोर-बैठका. नंतर बैठका सुटल्या, खुराक सुटला नाही. पन्नाशीत त्याला इन्सुलिनची सुई लागली. जपानी संशोधकांनी सुमो मल्लांना सीटी स्कॅनमध्ये घातलं तेव्हा हेच दिसलं होतं. दीडशे किलोचे गडी, पण सराव चालू असेतो बहुतेक चरबी कातडीखाली, पोटाच्या आत फारशी नाही. आखाडा सुटला की गणित फिरतं. म्हणजे दीडशे किलोचा घाम गाळणारा मल्ल आणि ६९ किलोचा खुर्चीवरचा स्तंभलेखक यांच्यात आतलं घर कुणाचं जास्त भरलेलं आहे, यावर मी पैज लावणार नाही.

उपाय विचाराल तर ते कंटाळवाणे आहेत, म्हणून भरभर सांगतो. अमेरिकेतल्या २००२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत बॉर्डरवरच्या लोकांना वजन सात टक्के उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायला लावलं, मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. सत्तर किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे पाचच किलो, ज्याला आपण 'दिवाळीत चढलेलं' म्हणतो. ब्रिटनच्या एका चाचणीत महिनोन्महिने मोजून-मापून खायला लावलं, तर वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना माघारी गेला. आणि मला सगळ्यांत आवडलेला अभ्यास २००६ मधला, चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा. तिथे चालायला आणि बेताने खायला लावलेल्या लोकांत मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला, पण त्यांचं वजन जवळपास उतरलंच नव्हतं! काटा पुन्हा खोटा ठरला. पण हे वाचून कुणी 'वजन उतरवायची गरजच नाही' असा अर्थ काढेल, म्हणून सकाळी टेकडीवर जाणाऱ्या मंडळींना मी हे सांगत नाही. ती आधीच खाली उतरून पोहे, पोह्यांवर शेव, शेवेवर तर्री आणि वर 'आज चाललोय' एवढा अर्थ काढतात.

आता तर सुई आली आहे. मार्च २०२५ मध्ये एक आणि जूनमध्ये दुसरी, आठवड्यातून एकदा टोचायची. भूक मरते, वजन उतरतं. यातल्या एका औषधाची चाचणी १७ हजारांहून अधिक लोकांवर झाली. सगळे वजनदार, हृदयाचा आजार आधीच असलेले, पण मधुमेह नसलेले. त्यांचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. हे थोडंथोडकं नाही, आणि ज्याचं वजन खरोखरच जिवावर बेतलं आहे त्याला 'इच्छाशक्ती कमी पडते' म्हणून हिणवणाऱ्यांच्या तोंडावर मारायला हा पुरावा चांगला आहे. भूक मेंदूत असते, चारित्र्यात नाही. पण आमच्या नात्यातल्या एका लग्नघरात ही सुई मुहूर्ताच्या तीन महिने आधी घ्यायची ठरली आहे, फोटोंसाठी. डॉक्टरांना विचारलं का म्हटलं, तर उत्तर आलं, "ब्यूटी पार्लरवालीला माहितीये."

चरकसंहितेत निंद्य माणसांचे आठ प्रकार सांगितलेत आणि त्यांत अतिस्थूल आहे, अतिकृशही आहे. सडपातळ-पण-पोट-सुटलेला असा नववा प्रकार नाही. त्या काळी कारकून नव्हते.

काल पँटच्या ट्रायलला गेलो. महिनाभर रात्रीचा भात सोडला होता, लिफ्ट सोडली होती, काकूंचा दुसरा मोदकही परत केला होता. काट्यावर फरक फक्त दीड किलोचा. मामांनी टेप लावली, पोटावर, न विचारता. "साडेछत्तीस," ते म्हणाले आणि चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मामा, यावेळी मागच्या शिवणीत दाब ठेवू नका. लागणार नाही."

"बरं," म्हणाले, आणि खडूने खूण करत राहिले.

आज पँट घरी आल्यावर उलटी करून बघितली. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच दाब, नेहमीसारखा. फोन केला. म्हणाले, "साहेब, लग्न अजून जेवायचंय."